लोप

संस्कृत आणि इतिहास शिकविण्यांत ज्याची उभी हयात गेली, त्यानें उतारवयांत एका बनावट दफ्तरापुढें मान खालीं घालावी, असा योग गेल्या दिवाळींत माझ्या वांट्यास आला.

माझी भाची चित्रपटांचा अभ्यास करते. ती म्हणाली, "मामा, तुम्हांला जुन्या कागदपत्रांची आवड ना? मग हें पाहाच." चित्रपट अमेरिकेंतला, १९९६ सालचा, नांव ‘द वॉटरमेलन वूमन’, म्हणजे कलिंगडवाली बाई. दिग्दर्शिका चेरिल डुन्ये ही कृष्णवर्णीय असून, तिचें प्रेम स्त्रियांवर आहे हें ती लपवीत नाहीं. प्रारंभीं मी अवघडून बसलों होतों, हें कबूल करतों.

फिलाडेल्फिया शहरांत चित्रफितींच्या दुकानांत काम करणाऱ्या एका तरुणीच्या पाहण्यांत १९३० च्या सुमाराचा एक चित्रपट येतो. त्यांतील एका काळ्या नटीचें नांवच दिलेलें नाहीं; नामावलींत नुसतें ‘कलिंगडवाली बाई’. तरुणी तिच्या शोधास लागते. ग्रंथालयें पालथीं घालतां घालतां, वृद्धांना विचारतां विचारतां नांव सांपडतें: फे रिचर्ड्स. छायाचित्रें मिळतात. तिचें प्रेम स्त्रियांवर होतें, आणि उत्तरायुष्य तिनें एका मैत्रिणीच्या सहवासांत काढलें, हेंहि कळतें. मास्तरकीच्या संवयीनें मी मनांत टिपणें काढीत होतों. इतक्यांत अखेरीस पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं, ही बाई कल्पित आहे!

"हा तर खोटा दस्तऐवज!" मी रागानें म्हणालों. भाचीनें शांतपणें समजाविलें. डुन्येनें आधीं खरींच दफ्तरें धुंडाळलीं होतीं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें ती गेली. अशा स्त्रियांनीं आपल्या स्मृति जपण्यासाठीं १९७४ सालीं न्यू यॉर्कमध्यें स्थापिलेल्या ‘लेस्बियन हर्स्टोरी आर्काइव्ह्ज’मध्येंहि गेली. हवें तें हातीं लागलें नाहीं. त्या काळच्या कित्येक काळ्या नटींचीं नांवेंसुद्धां नामावलींत येत नसत; मग त्यांच्या प्रेमाची नोंद कोण ठेवणार? तेव्हां झोई लिओनार्ड या छायाचित्रकर्तीनें नटनटी जमवून, त्यांना जुने पोशाख चढवून ७८ कृष्णधवल छायाचित्रें तयार केलीं आणि त्यांना मुद्दाम जुनेंपण आणलें. तीं १९९७ सालीं न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं. २०२१ सालीं चित्रपटहि अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहींत दाखल झाला.

"मामा, खरीं पत्रें कुणीतरी आधींच जाळलीं असतील, नाहीं?" भाची सहज बोलून गेली. माझ्या तोंडून मात्र शब्द फुटेना.

१९८८ सालीं माझे धाकटे काका वारले. ते परगांवीं नोकरीस असत, आणि एका स्नेह्यासह त्यांनीं एकाच बिऱ्हाडांत सत्तावीस वर्षें काढलीं. सामान आवरावयास वडिलांनीं मला धाडलें. ट्रंकेंत पत्रांचा गठ्ठा आणि दोघांचें एक छायाचित्र निघालें. चार ओळी वाचल्या. पुढें वाचण्याचें धैर्य झालें नाहीं. घराण्याच्या नांवाचें भय वाटलें. सकाळीं सारें बंबांत घातलें, आणि त्याच पाण्यानें स्नान केलें. निघतांना ते गृहस्थ दाराशीं आले. "तो फोटो तेवढा मला मिळेल का?" त्यांनीं विचारलें. मीं उत्तर दिलें, "तसें कांहीं सांपडलें नाहीं."

पुढें आमचा कुलवृत्तांत छापला, त्यांत काकांची नोंद मींच लिहिली. जन्म, मृत्यु, नोकरी, ‘अविवाहित’. एकहि शब्द खोटा नाहीं.

पाणिनीच्या मतें लोप म्हणजे न दिसणें. ‘अग्निचित्’ या शब्दांत क्विप् प्रत्यय सबंध नाहींसा होतो, परंतु शेवटचा तकार त्याच्यामुळेंच आलेला असतो. प्रत्यय जातो, त्याचें कार्य मागें राहतें. हें मीं तीस वर्षें फळ्यावर समजावून दिलें. स्वतः समजलों नाहीं. माझ्या शिक्षणाचे पैसे काकांच्या बिऱ्हाडांतून मनीऑर्डरीनें येत. फॉर्मवर कधीं काकांचें अक्षर असे, कधीं त्या गृहस्थांचें. माझ्या आयुष्यांतला तकार तो हाच.

डुन्येनें कल्पित रचलें आणि तें कल्पित आहे असें सांगितलें. मीं खरा शब्द लिहिला आणि त्याच्याआड सत्य झांकलें. दोघांत इतिहासाचा अपराधी कोण, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको.

आतां कुलवृत्तांताची नवी आवृत्ति निघावयाची आहे. काकांच्या नोंदींत मीं त्या गृहस्थांचें नांव घालून, दोघांनीं सत्तावीस वर्षें एकत्र संसार केला, असें एक वाक्य वाढविलें आहे. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, आतां हें कशाला?" मी म्हणालों, "वहिनी, त्यांच्या पैशावर मी शिकलों, म्हणून." याहून अधिक लिहिण्याचा अधिकार मींच त्या बंबांत घातला.

वाचकांपैकीं कोणाच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल, तर त्यांस माझी एवढीच विनंती: वाचवत नसेल तर वाचूं नका, गांठ पुन्हां बांधून ठेवा, पण बंब पेटवूं नका. आणि कोणी छायाचित्र मागावयास दाराशीं आला, तर तें त्याच्या हातीं द्या.