मुकुटबनातले पहिले मेहमान

वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन लागते. कोळसा आणि सिमेंटच्या कामाला येणाऱ्यांचा राबता असतो. त्याच भरवशावर आम्ही गेल्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या वावरातल्या कवेलूच्या दोन पाहुणखोल्या विकत घेतल्या. आधीच्या मालकाने विहिरीची मोटार कशी चालू करायची ते शिकवले. पाहुण्याकडे पैसे कसे मागायचे, ते नाही.

पहिले कुटुंब ताडोबा पाहून टिपेश्वर अभयारण्याकडे निघालेले. पहिल्याच पावसात त्यांची गाडी काळ्या मातीत रुतली. जवळच्या कोलाम पोडावरचे दोघे बैलजोडी घेऊन आले. गाडी निघाली, पैसे त्यांनी घेतले नाहीत, चहा घेतला.

अम्मीने दस्तरखानावर ज्वारीच्या भाकरी आणि आंबाडीची भाजी मांडली आणि हिशेबाची वही चक्क लपवली! हदीसप्रमाणे पाहुणचार तीन दिवसांचा, हे तिचे म्हणणे. अब्बा म्हणाले, “बँकेच्या हप्त्याला ते कोण सांगणार?” रात्री इशानंतर बराच वेळ वाद चालला. शेवटी ठरले, खोलीचे भाडे घ्यायचे, पहिले जेवण आमच्याकडून. सकाळी पैसे मागताना आमचीच मान खाली होती.

आता रस्त्यावर मुरूम टाकायचा आहे. ट्रॅक्टरवाला रोज ‘उद्या येतो’ म्हणतो.