हाडवैद्यानें आणखी काय काय करावें?

धंदा म्हटला कीं तो वाढावा, असें प्रत्येकास वाटतें. किराणा दुकानदार हळूंहळूं कापड ठेवूं लागतो, शिंपी लग्नाचे फेटे भाड्यानें देऊं लागतो, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु ज्याच्या हातीं दुसऱ्याचें शरीर आहे, त्यानेंही आपल्या कामास अशीच जोड देत जावें काय? हा प्रश्न आमच्या मनांत अलीकडे वारंवार येतो, व त्यास कारण आमच्या बीड जिल्ह्यांतील हाडवैद्य होत.

या जिल्ह्यांत हाडवैद्याचें काम कधीं संपत नाहीं. पावसाळा सरला कीं बालाघाटाच्या डोंगरांतील गांवेंच्या गांवें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा माणूस घसरला, किंवा बैलगाडी उलटली, कीं कोणाचें मनगट मोडतें, कोणाची कंबर धरते. मुकादमाची उचल घेतलेली असते. खाडा करून भागत नाहीं. अशा माणसास रुग्णालयाच्या रांगेपेक्षां हाडवैद्याचें अंगण जवळचें वाटलें तर नवल कसलें?

पाटोदा तालुक्यांत आम्ही शाळेवर असतांना अशा एका वृद्ध हाडवैद्याशीं आमचा पुष्कळ परिचय झाला. चिंचेवरून पडलेलीं व कबड्डींत हात मोडून घेतलेलीं मुलें घेऊन आम्ही त्यांच्याकडे जात असूं. बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधून झाली, कीं ते मुलाचें नख दाबून पाहात. दाबलेलें नख पांढरें होऊन पुन्हां लाल झालें, बोटें हललीं, तरच त्यास घरीं सोडीत, आणि आईला बजावीत, “बोटं गार पडली, काळी पडली, नायतर दुखणं वाढत गेलं, तर रातच्या बारालासुद्धा पट्टी सोडायची.” एकदां हाड कातडीबाहेर आलेला एक मुलगा आम्ही नेला. त्यांनीं हातही लावला नाहीं. “गुर्जी, हे माझ्या हातचं न्हाई. अंबाजोगाईला न्या, अन् आत्ताच न्या,” एवढेंच ते म्हणाले. संस्कृताचें एक अक्षरही न शिकलेल्या त्या माणसाच्या ठायीं आम्हांस शास्त्र दिसलें.

कारण तें शास्त्र जुनेंच आहे. सुश्रुतसंहितेंत सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. ओढणें, दाबणें, जुळविणें व बांधणें हा उपचाराचा क्रम दिला आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबू कुशेसाठीं, म्हणजे आधाराच्या पट्टीसाठीं, सांगितले आहेत. थंडीत सात दिवसांनीं, समशीतोष्ण ऋतूंत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं बंध सोडून पाहावा, इतका बारकावा तेथें आहे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाहीं, व फार घट्ट झाल्यास सूज, वेदना आणि पाक होतो, असा इशाराही आहे. याच घट्ट बंधानें स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून हात कायमचा कसा आंखडतो, याचें वर्णन रिशार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्यानें १८८१ सालीं केलें. आजही डॉक्टर त्या विकृतीस त्याच्याच नांवानें ओळखतात.

आतां नवे फलक पाहा. ‘हाडवैद्य’ या शब्दाखालीं मणका, गुडघा, लकवा, मधुमेह, मूळव्याध, केस गळणें, अशी यादी लागलेली असते. तेल आहे, पुडी आहे, कोठें कोठें सुईसुद्धां आहे. आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड कुटुंबांतील सात वर्षांच्या मुलाचें कोपर मोडलें. अशाच एका ठिकाणीं पट्टी घट्ट बांधली गेली, आणि बरोबर वेदना थांबविण्याच्या पुड्या दिल्या. पुड्यांनीं दुखणें दबलें. मुलगा निजला, म्हणून आईबाप निश्चिंत राहिले. तिसऱ्या दिवशीं पट्टी सोडली तेव्हां बोटें काळवंडलेलीं होतीं. आज त्या मुलाची मूठ उघडत नाहीं. पट्टी घट्ट होणें हा एक दोष झाला. परंतु त्या दोषाची वर्दी देणारी वेदनाच त्या जोडउपचारानें मुकी करून टाकली. वृद्धाच्या ‘दुखणं वाढलं तर सोडा’ या वाक्याची किंमत आम्हांस त्या दिवशीं कळली.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाहीं. हल्लीं मोबाइलवर मान व पाठ कडाकडा मोडून दाखविणारे जे कायरोप्रॅक्टर दिसतात, त्यांची विद्या अमेरिकेंतील डॅव्हेनपोर्ट गांवीं डी. डी. पामर यानें १८९५ मध्यें काढली. लवकरच तिच्यांत दोन पंथ पडले. एक शुद्ध, तो म्हणे हातानें मणका बसविण्यापलीकडे कांहीं करूं नये; दुसरा मिश्र, तो इतरही उपचार जोडी. शुद्धांचा पक्ष प्रथमदर्शनीं आमच्या वृद्धासारखा वाटतो, पण तसा तो नव्हे. त्यांनीं उपाय एकच ठेवला खरा, परंतु बहुतेक सर्व रोगांचें मूळ मणक्यांत आहे असें मानून रोगांची यादी मात्र वाढविली. आज एवढेंच म्हणतां येतें, कीं कंबरदुखींत अशा उपचारानें कांहींसा आराम पडतो. बाकीच्या मोठमोठ्या दाव्यांस पुरावा नाहीं. मानेस झटका देण्यांत तर क्वचित् पक्षाघाताचा धोकाही सांगतात. तेव्हां उपाय एक कीं अनेक हा प्रश्न दुय्यम होय. आपला अधिकार कोठें संपतो हें ओळखणें मुख्य होय.

याविषयीं आपले आचार्य स्पष्ट आहेत. एकच शास्त्र पढणाऱ्यास त्या शास्त्राचाही निश्चय होत नाहीं, म्हणून वैद्यानें बहुश्रुत असावें, असें सुश्रुत सांगतो. उलट चरक पिकलेल्या गुल्माच्या प्रसंगीं आपण बाजूस होऊन, हा अधिकार शस्त्रवैद्यांचा, असें लिहितो. ज्ञान अनेक शास्त्रांचें असावें, हात मात्र आपल्याच कामास लावावा, असा दोहोंचा मेळ आम्ही घालतों. हाडवैद्यानें क्ष-किरण चित्र काढवून आणण्याचा आग्रह धरावा, पट्टी सुटल्यावर सांधा कसा हलवावा तें फिजिओथेरपिस्टाकडून शिकून घ्यावें, कोणता रोगी कोठें धाडावा हें जाणावें. ही जोड खुशाल द्यावी. जी जोड दुखणें झांकते, ती देऊं नये.

येथें कोणी म्हणेल, कीं लोभ काय एकट्या हाडवैद्यास आहे? मुळींच नाहीं. २०१९ मध्यें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढें आलें, कीं आमच्या जिल्ह्यांत तपासलेल्या सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें होतें. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असें नव्हे. पण हा आंकडा वाचून पदवीधरांनींही मान खालीं घालावी.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: एका हाडावर पोट कसें भरावें? तो वृद्ध नारळावर संतुष्ट असे. त्याला शेत होतें. ज्याला शेत नाहीं, त्यास आपण अकरा रुपये व नारळ देऊन सेवाधर्म शिकवितों, आणि त्याच्याच तेलाच्या बाटलीस मात्र पांचशें मोजतों. मग तो बाटल्या विकूं लागला तर दोष सर्वस्वीं त्याचा कसा? बाटलीचे पैसे आपण देतों. ‘हें माझें काम नाहीं, पुढें जा’ या सल्ल्याचे देत नाहीं. वस्तुतः त्या सल्ल्यानेंच हात वांचतो, क्वचित् प्राणही वांचतो. तेव्हां वाचकहो, रोगी घेऊन जाल तेव्हां तेलपुडी मागूं नका. पट्टी बांधल्यावर नख दाबून पाहायला सांगा. आणि ज्यानें हात न लावतां तुम्हांस योग्य ठिकाणीं धाडलें, त्याच्या हातावर पूर्ण दक्षिणा ठेवा.