उतरंड

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचं जाहीर करून टाकलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, आपल्या पूर्वजांनी तसं लिहून ठेवलेलं नाही की सांगितलेलं नाही, तेव्हा शाळा-कॉलेजात हे शिकवणं बदलायला हवं, असा त्यांचा मुद्दा. सिंह एकेकाळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. ठसे, रक्ताचे डाग आणि विसंगत जबाब यांवरून न पाहिलेली घटना उभी करणं हे ज्या खात्याचं रोजचं काम, त्या खात्यात हयात घालवलेल्या माणसाने प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा हट्ट धरावा, ही त्यातली खरी गंमत. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी आक्षेप नोंदवला, वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं आणि आठवडाभर व्हॉट्सअॅपवर माकडांचे विनोद फिरले.

मीही ते विनोद पुढे पाठवले. पण पाठवताना एक प्रश्न सतावत होता. आम्ही जे हसत होतो, ते उत्क्रांती नेमकी कशाच्या जोरावर मानतो? माझ्या ओळखीतल्या इंजिनिअर, बँकवाल्या, वकील मंडळींना ‘डार्विन काय म्हणाला?’ असं विचारलं की ठरलेलं चित्र समोर येतं: डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, मग आणखी ताठ आणि उजव्या टोकाला भाला घेतलेला, बहुधा गोरा, पुरुष. पुरावा विचारला तर बाईंनी शिकवलं होतं, पुस्तकात होतं. म्हणजे मंत्र्यांचा भरवसा त्यांच्या पूर्वजांवर आणि आमचा आमच्या बाईंवर. बाईंनी सांगितलेलं बरोबर निघालं हे आमचं नशीब.

हे केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत 2012 च्या एका मोठ्या पाहणीत लोकांपुढे एक विधान ठेवलं गेलं: आजचा माणूस आधीच्या प्राणिजातींपासून विकसित झाला. ते बरोबर म्हणणारे निघाले 48 टक्के. दुसऱ्या गटासाठी त्याच विधानाच्या आधी ‘उत्क्रांतीच्या सिद्धांतानुसार’ एवढं जोडलं, तर बरोबर म्हणणारे 72 टक्क्यांवर गेले. म्हणजे सिद्धांत काय सांगतो हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं. ‘तू त्यांच्यातला की आमच्यातला?’ असा सूर प्रश्नाला लागला की मात्र ते आपल्या माणसांच्या बाजूने उत्तर देत होते. चर्चमध्ये शेजारी बसणारे, लग्नकार्याला येणारे, अडीअडचणीला धावणारे लोक ज्या बाजूला, त्या बाजूला आपणही. त्यात मला मूर्खपणा दिसत नाही. जीवाश्मांचे थर वाचता आले नाहीत म्हणून कुणाचं काही अडत नाही, शेजाऱ्याशी बिनसलं तर अडतं.

या भांडणाचं सर्वांत गाजलेलं ठिकाण टेनेसी राज्यातलं डेटन हे छोटं गाव. मार्च 1925 मध्ये त्या राज्यात बटलर कायदा झाला. बायबलमधली माणसाच्या निर्मितीची कथा नाकारून तो खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळांत शिकवायला त्याने बंदी घातली. जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर जुलैमध्ये खटला चालला, त्याला 100 डॉलर दंड झाला, आणि पुढे वरच्या न्यायालयाने तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द केली. कायदा मात्र 1967 पर्यंत टिकला. सरकारच्या बाजूने उभे राहिले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, आणि नाटका-सिनेमांनी त्यांचा पुढे विदूषक केला. वास्तविक हा माणूस तीनदा अध्यक्षपदाचा उमेदवार झालेला, कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू घेणारा, स्त्रियांच्या मताधिकाराचा पाठीराखा, पहिल्या महायुद्धाकडे देश सरकतोय असं वाटल्यावर परराष्ट्रमंत्रिपद सोडणारा. दुबळ्याने मरावं हा निसर्गाचा नियम असं शाळेत शिकवलं तर दुबळ्याच्या बाजूने उभं कोण राहणार, ही त्यांची भीती होती, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. खटला संपल्यावर पाचव्या दिवशी ते डेटनमध्येच गेले.

मला त्या खटल्यात खिळवून ठेवतं ते पाठ्यपुस्तक. हंटर नावाच्या लेखकाचं 1914 चं जीवशास्त्राचं पुस्तक. त्यात एका ठिकाणी मानवाचे पाच वंश सांगून गोऱ्यांना सर्वांत वर बसवलं आहे. दुसरीकडे ‘निकृष्ट’ कुटुंबांना समाजावरचे परोपजीवी म्हटलं आहे. आणि आणखी एका पानावर प्राण्यांच्या गटांची वर्तुळं काढली आहेत, ज्या गटात जाती जास्त त्याचं वर्तुळ मोठं. त्यात सस्तन प्राण्यांचं एक लहानसं वर्तुळ, सुमारे 3,500 जातींचं. ब्रायन भर न्यायालयात तुटून पडले ते या वर्तुळावर: माणसाला इतर 3,499 सस्तन प्राण्यांबरोबर एका खोक्यात कोंबलंय, त्याला निराळी जागासुद्धा नाही! गोरे वर आणि बाकीचे खाली, या पानावर त्यांचा रोख नव्हता. पुस्तकातला विज्ञान म्हणून सर्वांत सरळ भाग त्यांना झोंबला आणि विज्ञानाच्या नावाखाली घुसवलेली उतरंड त्यांनी तशीच राहू दिली. ते पुस्तक लावणाऱ्या सुधारकांनाही ती खटकली नव्हती.

आपल्याकडे डेटन का घडलं नाही? याचं उत्तर मराठी घरात फार झोकात दिलं जातं: आमच्याकडे दशावतार आहेत ना! आधी मत्स्य, मग पाण्यात-जमिनीवर वावरणारा कूर्म, मग वराह, मग अर्धा प्राणी अर्धा माणूस नरसिंह, मग बुटका वामन, मग परशुवाला परशुराम. डार्विनने जे सांगितलं ते आमच्या ऋषींनी आधीच सांगून ठेवलं होतं. कीर्तनात हे ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, फिजिक्सच्या प्राध्यापकाच्या तोंडूनही ऐकलंय. ऐकताना वाटतं, हे पणजीच्या पणजीपासून चालत आलेलं असणार. पण छापील स्वरूपात ही जुळवाजुळव ठळकपणे दिसते ती 1877 मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झालेल्या एका जाडजूड ग्रंथात. तो लिहिणाऱ्या रशियन बाई, थिऑसॉफीवाल्या मादाम ब्लाव्हाट्स्की, त्यानंतर दोन वर्षांनी मुंबईत उतरल्या. म्हणजे हे जुळलं ते डार्विनचं पुस्तक येऊन गेल्यानंतर. आधी उत्तर मिळालं, मग आपण आपल्या पोथीत तो प्रश्न सापडवला.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यातही सांख्यांची प्रकृती आणि पाश्चात्त्यांचा, विशेषतः हेकेलचा, उत्क्रांतिवाद समोरासमोर ठेवले आहेत. टिळकांची गोष्ट वेगळी, ते मूळ ग्रंथ वाचून वाद घालणारे गृहस्थ. त्यांच्यामागून आलेल्या आपण लोकांनी वाद टाकला आणि समाधान तेवढं उचललं.

दशावताराच्या या उत्क्रांतीत एक जागा अवघड आहे. नवव्या अवताराचं काय करायचं? बुद्ध कृष्णाच्या पुढची जैविक पायरी कसा? मराठी पंचांगांतल्या जुन्या चित्रांत त्या जागी कधीकधी विठोबा उभा दिसतो, तेव्हा तर प्रश्न आणखी मजेदार होतो. पण गंमत सोडा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जे बावीस प्रतिज्ञांचं धम्मव्रत दिलं, त्यातली एक प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, असं बजावणारी आहे. महाराष्ट्रातल्या लाखो घरांसाठी दहा अवतारांची रांग म्हणजे निरुपद्रवी निसर्गकथा नाही. कुणाला कुणाच्या पोटात घालून गप्प करायचं, याची ती व्यवस्था आहे. दशावतारी उत्क्रांतीचं कौतुक करताना हे आपल्या ध्यानातही येत नाही, कारण रांगेत वरच्या टोकाला कोण उभं आहे याबद्दल आपल्या मनात शंका नसते.

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. डेटनच्या लोकांना वाटलं, हा विचार आपली वरची जागा हिसकावतोय, म्हणून त्यांनी दार लावलं. आपल्याला वाटलं, हा आपल्याला आणखी वर चढवतोय, म्हणून आपण पाट मांडला. दोघांनी पाहिलं ते उतरंडीकडे. डार्विनच्या 1859 च्या ग्रंथात आकृती आहे एकच, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या, मध्येच खुंटणाऱ्या वंशवेलीची. तिला शेंडा नाही. माकड हा अर्धवट राहिलेला माणूस नाही आणि मासा हा घाईत सोडून दिलेला अवतार नाही. जो तो आपापल्या परिस्थितीत तगून राहिलेला. हे ऐकायला बरं वाटत नाही, वैदिकाला नाही आणि पुरोगाम्यालाही नाही.

खुद्द डार्विनला तरी कुठे बरं वाटत होतं? 1851 मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली. पत्नी एमा श्रद्धाळू, आपण मेल्यावर परलोकात एकत्र असू की नाही या काळजीने झुरणारी. अळीच्या जिवंत शरीरात अंडी घालणाऱ्या आणि आपल्या पिल्लांकडून तिला आतून पोखरवणाऱ्या गांधीलमाशीसारख्या किड्यांबद्दल त्याने 1860 मध्ये असा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं होतं, की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम निर्माण केलं असेल हे आपल्याला पटवून घेता येत नाही. ग्रे स्वतः भाविक ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनचा सर्वांत खंदा समर्थक. देव या बदलांना हलकेच वळण देत असेल, असं तो सुचवत राहिला. डार्विनला ते पटलं नाही. मैत्री टिकली.

म्हणून धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या, असा सरळ सामना मला कधी सापडत नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधले ते ब्रनोच्या मठातल्या मेंडेल या पाद्र्याने. विसाव्या शतकात उत्क्रांतिशास्त्राची घडी बसवणाऱ्यांपैकी डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी 2005 मध्ये शाळेत ‘बुद्धिमान रचने’चा उल्लेख घुसवण्यावरून खटला झाला, तेव्हा उत्क्रांतीच्या बाजूने पहिली साक्ष दिली केनेथ मिलर या कॅथलिक जीवशास्त्रज्ञाने. आणि शाळा मंडळाविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती जोन्स यांची नेमणूक अध्यक्ष बुश यांनी केलेली. देव मानूनही या माणसांना उत्क्रांती पेलली, ती बहुधा त्यांनी देवाकडून आपल्या वरच्या जागेची हमी मागितली नाही म्हणून. हा माझा अंदाज.

आता मंत्र्यांच्या त्या ‘कुणी पाहिलंय?’कडे येतो. विदर्भातल्या कापूस उत्पादकांनी पाहिलंय, आणि त्यासाठी घसघशीत किंमत मोजली आहे. बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचा आला. 2010 च्या आसपास गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाली आणि 2017 च्या हंगामात तिने विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं आतून पोखरून काढली. ही अळी बोंडात शिरली की बाहेरून कळत नाही. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, वेळीच ओळखल्या तर ठीक, नाहीतर बोंड फोडल्यावरच कळतं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसंही दगावली.

हिंगणघाटकडचा माझा मामेभाऊ तेव्हा म्हणाला होता, “अळीले सवय झाली ना गा त्याची.” शहरातले डॉक्टरही अँटिबायोटिक्सबद्दल असंच बोलतात. पण कुठल्याच अळीला कसलीच सवय झाली नव्हती. कोट्यवधी अळ्यांत योगायोगाने थोड्याशा अशा होत्या की त्यांना ते विष बाधत नव्हतं. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचीच पिलावळ वाढली. हेच टाळण्यासाठी 450 ग्रॅम बीटी सरकीबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं वेगळं पाकीट मिळायचं. ते कडेने लावायचं, तिथे साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे त्यांचे पतंग त्या चिवट पतंगांशी जुगतील आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. चार ओळी का होईना, अळ्या मुद्दाम पोसायच्या! ते पाकीट बहुतेकांनी बांधावर टाकून दिलं. त्यात पुन्हा गुलाबी अळीचं पोट जवळजवळ सगळं कापसावरच, तूर-हरभऱ्यावर निभावणारी ती नव्हे, म्हणजे बाहेर कुठे साध्या अळ्या तगून राहण्याची सोय नाही. आणि वर फरदडीच्या मोहाने उन्हाळ्यापर्यंत उभं ठेवलेलं पीक.

मामेभाऊ पेरणीआधी बियाण्याच्या पाकिटाला हळदकुंकू वाहतो, पोळ्याला बैल सजवतो, त्याचं डार्विनशी कधी वाकडं नव्हतं. त्याला ते 120 ग्रॅम कशासाठी होते हे कुणी नीट सांगितलंच नाही. 2018 मध्ये आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र 2023 मध्ये ‘उत्क्रांती’ गळाली आणि नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. ओझं कमी करायचं होतं, बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, असं सांगितलं गेलं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांत शेतावर परतणारेही असतात.

बियाण्याच्या बाबतीत सरकारने सोपा मार्ग काढला. आता बिगर-बीटी बी वेगळं न देता त्याच पाकिटात मिसळून येतं, समजावण्याची कटकटच नको. मामेभावाला मी फोनवर हे सगळं अर्धा तास सांगत बसलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मले समजलं काय न् नाई समजलं काय, अळीले काय फरक पडते?” मग तिकडे कामगंध सापळे स्वस्त मिळतात का, ते विचारलं.