परभाषेचा तास

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पोर्तुगीज आणि सामाजिक शास्त्रे हे दोन निरनिराळे विषय आहेत. योगायोगाने दोन्ही माझ्याकडे आहेत, आणि त्यांच्यामधील भिंत मला दिवसेंदिवस पातळ वाटू लागली आहे.

एका पालकांनी मला मोठ्या कळकळीने विचारले होते, “ज्यांनी साडेचारशे वर्षे आपल्यावर राज्य केले, त्यांची भाषा आमच्या मुलांनी कशासाठी घोकावी?” प्रश्न रास्त होता. १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंतचा काळ ज्या घरांनी सोसला, त्या घरांतून तो न आला तरच नवल. त्यावर नोकरीधंद्याचे लाभ सांगून मोकळे होणे मला हलके वाटते.

मी वर्गात प्रथम १६८४ सालचा हुकूमच सांगते. ज्या विजरईच्या कारकिर्दीत, १६८३ साली, छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, त्याच कोंदी द आल्व्होरने पुढील वर्षी फर्मावले की, येथील लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. हुकूम फसला, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही; मागच्या बाकांवर कोंकणीतून कुजबुज चालूच असते! पुढे १८५८ साली कुन्य रिव्हारा या विद्वानाने कोंकणी भाषेच्या इतिहासावर निबंध प्रसिद्ध केला. हा गृहस्थ जन्माने पोर्तुगीज आणि पदाने येथील सरकारचा मुख्य सचिव. तरीही कोंकणीवर झालेल्या अन्यायाचा दोष त्याने आपल्याच पूर्वसूरींच्या पदरी घातला. बंदीचा हुकूम पोर्तुगीजमध्ये आणि त्या बंदीचा निषेधही पोर्तुगीजमध्येच. त्या भाषेकडे आपण पाठ फिरवली, तर दोन्ही गोष्टी आपणांस सदैव दुसऱ्याच्या तोंडून ऐकाव्या लागतील.

मग शब्दांकडे वळावे. चावी, साबण, पगार, लिलाव, तुरुंग हे शब्द आपण इतके आपलेसे केले आहेत की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानीही येत नाही. यांतील पगार, लिलाव आणि तुरुंग एका ओळीत मांडले की राज्यकारभाराचे अर्धे चित्र फळ्यावर आपोआप उमटते. बटाटा, अननस आणि काजू यांचा माग काढीत मुले नकाशावर अटलांटिक महासागर ओलांडून जातात. अशा शब्दांचा मोठा संग्रह बार्देशातील आसगाव येथे जन्मलेल्या मोन्सिन्योर दालगादो यांनी १९१३ साली पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली निघाले ते बडोद्याहून. गोव्याच्या विद्येला असा दूरचा शेजार लाभला, याचे मला अजून कौतुक वाटते.

व्याकरणाच्या तासाला मात्र एवढी गंमत नसते. क्रियापदांची रूपे पाठच करावी लागतात, आणि तेथे मी कोणालाही सूट देत नाही.

गतवर्षी एका विद्यार्थिनीने आजोबांच्या ट्रंकेतील जमिनीचा जुना कागद वर्गात आणला. घरात तो कोणासच वाचता येत नव्हता. चतुःसीमांच्या ओळीत पूर्वेस ‘नासेंत’ आणि पश्चिमेस ‘पुएंत’ असे शब्द होते. पहिल्याचा अर्थ उगवणारा, दुसऱ्याचा मावळणारा. हे सांगताच दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, “बाई, म्हणजे आमचे उदेंत आणि अस्तंत!” कोंकणीतील दिशांची नावे तशीच घडलेली आहेत, हे तोवर कोणाच्या मनातही आले नव्हते. त्या मुलीने तो कागद आठवडाभर अक्षर अक्षर लावून वाचला. पूर्वेची हद्द ओढ्यापाशी संपते, एवढे तिने घरी जाऊन आजीला सांगितले. पश्चिमेच्या शेजाऱ्याचे नाव शाईच्या डागाखाली गेले आहे. ते अजून लागलेले नाही.