सड्यावरचे फुरसे

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची नावे आमच्या लिंबागणेशच्या शेतकऱ्यांची मुले मुळाक्षरांच्या आधीच शिकतात. त्यांपैकी फुरशाविषयी मला विशेष कुतूहल होते. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर ते फार, असे ऐकून पावसाळा सरताच मी कॅमेरा घेऊन बालाघाटाच्या डोंगरांतून कोकणात उतरलो.

तेथे समुद्राच्या वर जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. त्यांना सडा म्हणतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही सड्यावरून चाललो होतो. वाटाड्या म्हणाला, “दादा, आधी नजर, मग पाऊल!” त्याने काठीने दूरचा एक दगड दाखविला. मला तेथे दगड आणि वाळके गवत यांवाचून काहीच दिसेना. बऱ्याच वेळाने त्या गवतातच हातभर लांबीचा एक तपकिरी साप दिसू लागला. त्याच्या डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी पांढरट खूण होती. आमची चाहूल लागताच त्याने वेटोळे घातले आणि अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासले. करवत चालावी तसा आवाज झाला. ‘जवळ येऊ नका’ असेच जणू ते बजावत होते. मी जागचा हललो नाही. दुरूनच छायाचित्रे घेतली आणि आम्ही मागे फिरलो.

एकोणिसाव्या शतकात या जिल्ह्यात फुरसे मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. त्या लोभाने असंख्य फुरशी मारली गेली; तरी फुरसे संपले नाही आणि भयही संपले नाही. माणसाचे प्राण वाचले ते निराळ्या मार्गाने. सापाचे विष अल्प प्रमाणात घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तापासून प्रतिविष करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे कार्य दीर्घकाळ केले. म्हणजे विषावरचा उपाय विषातूनच निघाला!

म्हणून सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे जाऊ नये, जखम कापू वा चोखू नये. दंश झालेला अवयव न हलविता रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. रात्री विजेरी आणि पायांत जोडे असावेत. दगडाखाली किंवा कडब्याच्या गंजीत न पाहता हात घालू नये. साप दिसलाच, तर दूर उभे राहून त्याला वाट द्यावी. आपल्या शेतातले उंदीर खाऊन तो आपले धान्य राखीत असतो.