बिळधर्म



होळी झाली की आपल्या यावल-रावेरकडच्या सातपुड्यात वणव्यांचे दिवस येतात. तशी बातमी कानावर आली, की मला ‘ज्ञाताधर्मकथा’ या सहाव्या अंग आगमातलं पहिलं अध्ययन आठवतं. सशाला वाचवायला अडीच दिवस पाय उचलून धरणारा हत्ती, म्हणजे मेघकुमाराचा आधीचा भव, आपल्या मुलांनाही पाठ असतो. माझं मन मात्र त्या पायाच्या आधीच्या प्रसंगात अडकतं.

विंध्याच्या रानात या मेरुप्रभ हत्तीनं झाडं, वेली, गवत उपटून योजनभर मैदान मोकळं केलं होतं. वणवा पेटल्यावर सिंह, वाघ, लांडगे, अस्वलं, कोल्हे, ससे सगळे तिथेच धावले. एरवीचे वैरी. ते कसे राहिले, त्याला आगमात शब्द आहे बिळधर्म. एका बिळात जीव दाटीवाटीनं राहतात, तसे. हत्तीनं अंग खाजवायला पाय उचलला, त्या जागेत ससा शिरला, तोही बलवान प्राण्यांनी रेटला म्हणून. म्हणजे तिथे मैत्री झाली नव्हती, रेटारेटीही होती. आग विझेपर्यंत एकमेकांना जागा दिली, एवढंच.

आमच्या घरी वाटणीनंतर मी आणि धाकटी जाऊ दोन वर्षं बोलत नव्हतो. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. दिवस माझा, रात्र तिची, असं नणंदेनं मध्ये पडून ठरवलं. सासूबाईंचा चौविहार, म्हणून सूर्यास्ताआधी मी त्यांना भरवायचे. पण अंग पुसायला, चादर बदलायला दोघी लागायच्या. एकीनं खांदे धरायचे, दुसरीनं कंबर. “उचला, भाभी” आणि “ठेव आता”, एवढंच आमचं बोलणं. नऊ महिने त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही आम्ही. शेवटी नवकार ऐकवतानाही दोघी दोन बाजूंना होतो.

त्यानंतर आम्ही गळ्यात गळे घातले नाहीत. वाटणीचा सल दोघींनाही आहे. पण आता तिच्याकडे पाहुणे आले तर ती माझ्याकडून पापड नेते, आणि मी गावाला गेले तर घराची किल्ली तिच्याकडे असते.

हाच हत्ती पुढे मेघकुमार झाला. दीक्षेच्या पहिल्याच रात्री, दाराजवळ झोपलेला असताना, जाणाऱ्या-येणाऱ्या मुनींचे पाय लागले आणि तो घरी परतायला निघाला. भगवान महावीरांनी त्याला तो हत्तीचा भव आठवून दिला. एवढं सोसलेलासुद्धा विसरतो, मग आपलं काय!

आणखी एक. हत्तीनं ते मैदान वणवा पेटल्यावर नाही केलं. आधीच्या वणव्यात पोळल्यावर पावसाळ्याच्या सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी उगवलेलं गवत तो उपटत राहिला होता. आपल्याकडे त्याच दिवसांत चातुर्मास असतो. यंदा सामायिकाला बसाल, तेव्हा घरातल्या एका माणसापुरतं तरी गवत उपटून ठेवा.