शेवटचे कडवे

आमचे पूर्णा हे रेल्वेचे गाव. परभणी, नांदेड आणि अकोला अशा तीन दिशांचे रूळ येथे मिळतात. आमच्या वस्तीत गाणीही रेल्वेनेच आली. भीमजयंतीला मुंबईहून येणारी माणसे कपड्यांबरोबर कॅसेट आणीत. टेपरेकॉर्डर एका घरात असे आणि ऐकायला सारी गल्ली जमे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज आम्हाला असेच ओळखीचे झाले.

त्या गाण्यांना गाव होते, नाव होते. महाकवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. मुंबईत ते गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरे गिरवली आणि गाणी रचत खेडोपाडी फिरले. शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफावे ही शाहिरीची जुनी रीत. दादांच्या गाण्यात तेथे 'वामन' येई. लहानपणी ज्याला शाळा मिळाली नाही, त्या माणसाची ती सही होती.

आज मोबाइलने गाण्याला पंख दिले आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाइलवरूनच घरोघर गेला. परदेशी नोकरीला गेलेली आपली मुलेही जयंतीला भीमगीते लावतात. गावकुसाबाहेर ठेवलेला आवाज सातासमुद्रापार पोहोचला, याचा आम्हाला अभिमान आहे.

परंतु मोबाइलवर गाणे बहुधा तुकड्यानेच फिरते. अर्ध्या मिनिटात मुखडा येतो, ठेका येतो. शेवटचे कडवे येत नाही. म्हणजे कवीचे नाव नेमके गळते! मुलांना विचारावे, हे गाणे कोणी रचले? ती गाणाऱ्याचे नाव सांगतात. राबणारे हात आपले आणि नाव दुसऱ्याचे, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. आता आपल्याच घरात आपल्याच कवीचे नाव पुसू द्यायचे काय?

बंधू-भगिनींनो, मोबाइल बंद करा असे आम्ही म्हणत नाही. पण येत्या १४ एप्रिलला एक तरी गाणे मुलांसोबत शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा. कवी कोणत्या गावचा, काय काम करून पोट भरत होता, ते सांगा. आणि कोणाच्या ट्रंकेत जुन्या गायनपार्टीची वही असेल, तर त्यातील गाणी कवीच्या नावासकट उतरवून ठेवा. गाणे खुशाल जगभर जावो. त्याची सही त्याच्याबरोबर गेली पाहिजे.